दुसरं वाक्य

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

मी मूळचा कराडचा. इकडे तमिळ मुलखात, गिंडीतल्या एका बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात मी यंत्रांच्या सूचना इंग्रजीत लिहितो. माझं इंग्रजी चांगलं आहे असं सगळे म्हणत, आणि मीही — मी तर जरा जास्तच म्हणत असे.

माझ्या सूचनांचं तमिळ करायला रुक्मिणीबाई होत्या. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, वेस्ट मांबलमला राहायच्या. वयाने माझ्याहून मोठ्या, पण मला 'तुम्ही' म्हणायच्या. त्यांचं मराठी ऐकून मी सुरुवातीला हसायचो. हेही सांगून टाकतो.

आपण मराठीत काय म्हणतो? 'टाकी गार होत नाही, तोपर्यंत पाणी सोडू नका.' हा 'नाही' आपल्याला खटकत नाही. पण इंग्रजीतलं 'अंटिल' हे उभयान्वयी अव्यय तो नकार स्वतःच्या पोटात घेऊन येतं. त्याच्या पुढे 'नॉट' हे क्रियाविशेषण आलं, की अर्थ उलटा होतो. मी लिहिलं होतं — 'अंटिल द टँक इज नॉट कोल्ड'. म्हणजे काय? टाकी गार असेपर्यंत थांबा, तापली की पाणी सोडा.

रुक्मिणीबाई कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. "हें 'नॉट' येथें असावें कीं? मज संशय येतो."

मी मान वर न करता म्हणालो, "इंग्रजीत असंच असतं. आहे तसं करा."

त्यांनी आहे तसं केलं.

पुढे एका धुलाई कारखान्यात आमचा नवा बॉयलर बसला. तिथे फक्त तमिळ कागद गेला होता. सेल्वम नावाच्या कामगाराने तो वाचला. टाकी रिकामी होती आणि तापलेली होती — त्याने गार पाणी सोडलं. वाफेने त्याचा उजवा हात आणि मान भाजली. जीव वाचला. हाताची मूठ मात्र पुन्हा पुरती वळली नाही.

बातमी आली तेव्हा मी जागेवरच होतो. आधी काय केलं असेल मी? सेल्वम कसा आहे, हे विचारलं? नाही. संगणकावरची माझी इंग्रजी प्रत — तेवढी एकच उरली होती — उघडली आणि तो 'नॉट' काढून टाकला. किती सोपं होतं ते!

दुपारी साहेबांनी दोघांना बोलावलं. पडद्यावर माझं वाक्य होतं, अगदी बिनचूक. बाजूला त्यांचं तमिळ, उलट्या अर्थाचं. रुक्मिणीबाईंनी दोन्ही वाक्यं वाचली. मग माझ्याकडे वळल्या.

"मी तुम्हांस विचारलें होतें ना? ह्याच वाक्याचें?"

इथे मी खरं बोलू शकलो असतो. नाही का? सगळं त्या एका क्षणावर होतं. मी अगदी शांतपणे, समजुतीच्या सुरात म्हणालो — "बाई, तुम्ही विचारलं होतं ते दुसऱ्या वाक्याबद्दल."

त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मी कदाचित — पण नाही, तेही आता म्हणू नये. त्यांनी फक्त डोळे मिटले, आठवून पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तर मग मीच चुकलें." त्याच आठवड्यात त्यांची नोकरी गेली. मला पुढे बढती मिळाली.

गेल्या वर्षी मांबलम स्टेशनच्या पुलावर त्या भेटल्या. केस पांढरे झालेले. माझ्या मुलांची चौकशी केली. तमिळ भाषांतराचं काम त्यांनी पुन्हा कधी हातात घेतलं नव्हतं. "भीति वाटते," म्हणाल्या, "कोणाचा हात जाईल म्हणून." सेल्वमला पोंगलच्या सणाला दरवर्षी भेटायला जातात, त्याची क्षमा मागतात. मी त्याला आजवर पाहिलेलंही नाही.

निघताना त्या थांबल्या.

"एक विचारूं? तें दुसरें वाक्य कोणतें होतें? किती आठविलें, सांपडत नाहीं."

मी म्हणालो, "मलाही आता आठवत नाही."

त्यांनी मान हलवली आणि जिना उतरून गेल्या.

दुसरं वाक्य नव्हतंच.