एका वेळी एकच त्रुटी

माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, नोकरीभर कॉलेजच्या प्रवेशखिडकीच्या आत बसले आणि बाकीचं सगळं गाव बाहेर उभं राहिलं. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी निरोप समारंभात भिंतीवरचं घड्याळ दिलं. यांनी सगळ्यांसमोर खोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि हमीपत्र जोडलेलं नाही म्हणून घड्याळ परत केलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभालासुद्धा अजून काही झालेलं नव्हतं.

पहिल्या महिन्यात त्यांनी घरच्यांच्या नाकी नऊ आणले. दूधवाल्याच्या बिलावर तारीख नव्हती, तो परत. नळ दुरुस्त करणारा आला, त्याला कोणी बोलावलं याचा पुरावा नव्हता, तोही परत. नळ गळतच राहिला. माझा नवरा सकाळी लवकर कामावर पळायचा, त्यामुळे हे कार्यालय चालवायला बाबा आणि त्यात खेटे घालायला मी आणि माझी लेक, एवढीच माणसं उरायची. चहा हवा असला तरी बाबा मागत नसत. समोर कप आला की साखर किती घातली ते विचारत आणि उत्तर देताना मी अडखळले तर कप बाजूला ठेवत.

मी शाळेत शिवण शिकवते. त्याच सुमारास शाळेला वरून पत्र आलं, की सातवी ते दहावीच्या मुलांना कॉलेजसाठी तयार करावं, त्यांच्या मनात उच्च शिक्षणाची ओढ निर्माण करावी आणि ती निर्माण झाल्याचं तिमाही कळवावं. मोठ्या बाईंनी म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी आधी फलक करून घेतला. त्यावर पुस्तकांच्या जिन्यावरून ढगात चाललेला एक मुलगा होता. मग तास कोण घेणार असा प्रश्न आला. गणिताच्या सरांनी हात वर केले. खेळाच्या सरांनी एक तास घेतला आणि कॉलेजच्या तयारीसाठी मुलांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. मी म्हटलं, माझे सासरे आहेत, कॉलेजातच आयुष्य गेलंय, मोकळेच असतात. एका दगडात दोन पक्षी मारल्याचा आनंद मला झाला. माझ्या डोळ्यांसमोर पक्षी होते आणि दगड कुठे जाऊन पडेल हे मी पाहिलंच नाही.

मोठ्या बाईंनी नाव ऐकून टेबलावरचे कागद सरळ केले. तरुणपणी त्याही बाबांच्या खिडकीवरून तीनदा परत गेल्या होत्या. पण मग त्यांचा चेहरा उजळला. त्या म्हणाल्या, की त्या खिडकीतून जो पलीकडे गेला तो जगात कुठेही जाईल.

पहिल्या तासाला मुलं टाळ्या वाजवायच्या तयारीत बसली होती. बाबांनी सांगितलं, की स्वप्नं आपापल्या घरी पाहावीत, खिडकीवर येताना दाखला आणावा, मूळ आणि दोन छायाप्रती. एवढं बोलून ते खाली बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिपायाकडून जुन्या कपाटाची मागची फळी काढून घेतली, तिला अर्धगोल भोक पाडलं आणि माझ्याच शिवणवर्गाच्या कोपऱ्यात उभी केली. भोक मुलांच्या छातीइतक्या उंचीवर होतं. मी म्हटलं, जरा वर पाडलं असतं तर मुलांना सरळ उभं राहता आलं असतं. तर म्हणाले, मान वाकली की आवाज आपोआप खाली येतो, ही जुनी रचना आहे.

अशी आमच्या शाळेत सरावाची खिडकी सुरू झाली. मुलांनी अर्ज भरून रांगेत यायचं, बाबांनी तो तपासायचा आणि परत करायचा. फोटो चिकटवण्याऐवजी टाचला म्हणून परत. निळ्या शाईऐवजी काळी वापरली म्हणून परत. दुसऱ्या दिवशी निळ्या शाईत लिहून आणला, की आईचं नाव अपुरं म्हणून परत. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी प्रत्येक अर्जाला होती. पण एका दिवशी एकच. हा बाबांचा नियम होता, एका वेळी एकच त्रुटी सांगायची. मी विचारलं तेव्हा त्यांनी मला फार मायेने समजावलं, की सगळ्या त्रुटी एकदम सांगितल्या तर माणूस घाबरतो, धीर सोडतो. एक एक सांगितली की त्याला आशा राहते. त्यांना हे खरंच वाटत होतं. ते दुष्ट असते तर माझं काम सोपं झालं असतं.

गंमत म्हणजे लोकांना हे प्रचंड आवडलं. पालक येऊन सांगायचे, की पोरगं आता घरी जेवायलासुद्धा रांगेत उभं राहतं. सातवीतली मुलं खिशात डिंकाची बाटली घेऊन हिंडू लागली. मुलांनी बाबांचं नाव 'खिडकीआजोबा' ठेवलं आणि ते बाबांना बहुमानासारखं वाटलं. एकदा वरून एक साहेब पाहणीला आले. बाबांनी त्यांच्या भेटीच्या पत्रावर जावक क्रमांक नाही म्हणून त्यांनाही फळीबाहेरूनच परत पाठवलं. साहेब खूश झाले. अगदी खऱ्यासारखं वाटतं, म्हणाले, आणि हा उपक्रम इतर शाळांनी पाहून घ्यावा असा शेरा मारून गेले. मोठ्या बाई त्या दिवशी हवेत होत्या.

माझी लेक दहावीत. ती मुळातच हळू बोलणारी, पण किड्यांचं नाव काढलं की तिला कंठ फुटायचा. तिच्या खोलीत बरण्यांमधून अळ्या असायच्या, झाकणांना भोकं पाडलेली, आणि कुठली अळी कुठलं पान खाते हे ती मला भाजी निवडताना सांगायची. किड्यांचं शास्त्र शिकवणारं कॉलेज दुसऱ्या गावी आहे आणि तिथे राहायची सोय होते, हे तिने सातवीतच शोधून काढलं होतं. खिडकीवर आपपरभाव नको म्हणून बाबा तिला इतरांपेक्षा जास्त वेळा परत पाठवायचे. नातीला सवलत दिली असं कोणी म्हणता कामा नये. कोणी म्हणत नव्हतं. ती अर्ज घेऊन मागे फिरायची आणि मी त्याच खोलीत मशीनवर पोरींना काजं करायला शिकवत असायचे. मी काही बोलले नाही. तयारी होतेय, असंच मीही धरून चालले होते.

वर्ष संपत आलं तेव्हा अहवालासाठी मोठ्या बाईंनी दहावीच्या वर्गात विचारलं, कॉलेजला कोण कोण जाणार, हात वर करा. मागच्या वर्षी जवळजवळ अख्ख्या वर्गाने केले होते. यंदा मोजके हात वर झाले आणि तेही खांद्यापर्यंतच. एकजण उठून म्हणाला, की तो मामाच्या टायरच्या दुकानात बसणार, तिथे खिडकी नाही. मोठ्या बाई मुळीच डगमगल्या नाहीत. मुलांना शिस्त लागली आहे, परवानगीशिवाय ती हात वर करत नाहीत, असं त्यांनी अहवालात लिहिलं.

माझ्या लेकीचा हात बाकावर होता.

संध्याकाळी भांडी पुसताना मी तिला विचारलं. ती ताट पुसत राहिली. कोरडं झालेलं ताट पुन्हा पुन्हा पुसत म्हणाली, "मी नाही जाणार, आई. तिथे रोज आपल्यात काहीतरी कमी असतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात न पुसताच मी बाहेरच्या खोलीत गेले. बाबा पेपर वाचत होते. मी सांगितलं, की उद्यापासून ती फळी माझ्या वर्गात नको. ते चिडले नाहीत. चष्मा काढून त्यांनी मला नावं मोजून दाखवायला सुरुवात केली. गावातले दातांचे डॉक्टर चारदा परत गेले होते. कोर्टातल्या वकीलबाई पाचदा. खुद्द मोठ्या बाई तीनदा. सगळे आले, पुन्हा आले, म्हणून शिकले, म्हणून मोठे झाले. नातही येईल, म्हणाले, थोडी कळ काढ.

"आणि जे पुन्हा आले नाहीत ते?" मी विचारलं.

"सगळे येतात, सूनबाई. उद्या या म्हटलं की माणूस येतो."

"मी नाही आले."

हे मला बोलायचं नव्हतं. लग्नाला सतरा वर्षं झाली, नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. पण तोंडातून गेलं ते गेलं, मग मी सगळंच सांगितलं. आमच्या गावाहून इथे यायला दोन बस बदलाव्या लागत. माझे वडील गोदामावर पहारेकरी होते, त्यांना मिनतवारीने एक दिवसाची सुट्टी मिळाली होती. आम्ही सकाळपासून रांगेत उभे होतो. खिडकीपाशी पोचलो तेव्हा आतून एक हात आला, माझा दाखला घेतला, परत केला आणि शिक्का पुसट आहे, उद्या या म्हणाला. वडिलांना उद्या नव्हता. त्यांची पुढची सुट्टी येईपर्यंत मुदत गेली आणि मी गावातल्या शिवणवर्गात जाऊन बसले. पुढे स्थळ आलं, पाहायला माणसं आली आणि चहाचा कप उचलणारा तो हात मी ओळखला. खिडकीतून तेवढाच तर दिसला होता. तेव्हा काय बोलणार होते? आपली आधीची ओळख आहे म्हणून?

बाबा बराच वेळ पेपरची घडी घालत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतील. नोकरी मात्र माणसाच्या हाडात मुरलेली असते. त्यांनी विचारलं, "शिक्क्याखाली सही होती?"

"होती."

"स्वच्छ वाचता येत होती?"

"येत होती."

"मग चालतो," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला, की मला पुढे वाकावं लागलं. "सही असली की पुसट शिक्का चालतो. तसा नियमच आहे."

मग का परत पाठवलंत, असं मी विचारलं. त्यांना आठवत नव्हतं. रांग मोठी असेल, म्हणाले. जेवायची वेळ झाली असेल. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांची दयाही आली. दोन्ही एकदम आल्यावर माणूस काहीच करू शकत नाही. मी आत वळले, तर दारात लेक उभी होती, हातात ते ताट घेऊन. तिने सगळं ऐकलं होतं. ती वळून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाबा तासाला आले. मला वाटलं होतं, येणार नाहीत. फळी अजून जागेवर होती, ते तिच्या मागे जाऊन बसले आणि नेहमीसारखी रांग लागली. लेक रांगेत होती. तिची पाळी आली तेव्हा ती वाकली नाही. तिने माझ्या मशीनपुढचं स्टूल ओढून घेतलं, भोकासमोर ठेवलं आणि त्यावर ताठ बसली. आता दोघांची तोंडं समोरासमोर आली. तिने अर्ज आत सरकवला. बाबांनी तो पाहिला आणि काही बोलायला तोंड उघडलं.

"एक नको, आजोबा," ती म्हणाली. तिचा इतका मोठा आवाज त्या खोलीत कोणी ऐकला नव्हता. "काय काय लागतं ते सगळं एकदम सांगा. माझ्या आईला दुसरा दिवस नव्हता."

पोरींच्या सुया थांबल्या. बाबांनी सवयीने मागे पाहिलं, जणू पाठीमागे कोणी वरिष्ठ बसले होते आणि त्यांना विचारून सांगता आलं असतं. मागे भिंत होती. मग ते बोलू लागले. दाखला, गुणपत्रिका, दोन्हींच्या प्रती, फोटो, सह्या, शाई, मुदत, काय नसलं तरी चालतं आणि काय नसलं तर कोणाला भेटायचं. लेक तळहातावर पेनाने लिहून घेत होती. तिचा हात भरायच्या आतच ते थांबले.

रांगेतली सातवीतली एक मुलगी पुढे डोकावून म्हणाली, "एवढंच?"

बाबांनी मान हलवली. एवढंच होतं. एका दमात सांगून झालं.