भाकरीच्या पुढची ओळ

आमच्या घरी वचनाची डबी आहे. प्लॅस्टिकची, साबणाच्या डबीएवढी. तिच्यात बोटभर लांबीची कार्डं, आणि प्रत्येक कार्डावर शास्त्रातली एक ओळ. सकाळी प्रार्थना करायची, एक कार्ड काढायचं, मोठ्याने वाचायचं, परत आत सरकवायचं आणि मग चहा. पुष्कळ ख्रिस्ती घरांतून ही पद्धत आहे. आमच्याकडे ती सासूबाईंपासून चालत आलेली. दिवसाला एकच कार्ड, हा नियमही त्यांचाच. तो मी मोडला, त्याची ही गोष्ट.

झालं असं, की माझी मोठी बहीण कल्याणला एकटी राहायची. ऐंशी ओलांडलेली, मूलबाळ नाही, यजमान जाऊनही बरीच वर्षं झालेली. जन्मभर शाळेत शिकवलं आणि रविवारी चर्चमध्ये मुलांची शब्बाथशाळा घेतली. तिथल्या कितीतरी पोरांकडून तिने प्रभूची प्रार्थना पाठ करून घेतली. मीही त्यातलीच एक. ओळ चुकली की ती कान धरायची. बहिणीचा जरा जास्तच जोरात.

तर या ताईला विसरायला होऊ लागलं. एक दिवस दूध गॅसवर ठेवून ती खाली गेली ती गेलीच. पातेलं जळून कोळसा झालं. शेजारणीला धुराचा वास आला म्हणून निभावलं. लगेच घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या मुलाचा फोन.

"आई, मावशीला आता एकटं ठेवता येणार नाही. तुझ्याकडे आण, नाहीतर एखादं चांगलं होम बघू. पण काय ते ठरव."

ठरव म्हणायला काय जातंय हो! आमचं कोपरचं घर दोन खोल्यांचं. ह्यांचे गुडघे गेलेले, मला शुगर. आणि ताईचा स्वभाव! मी कांदा चिरत असले तरी मागे उभी राहून चुका काढणार. त्यात सगळ्यांचं एकच म्हणणं, ती कल्याण सोडणार नाही, विषय काढलास तर घरातून हाकलून देईल. मीही तेच धरून चालले होते. म्हणून तिच्याशी काही बोललेच नाही. देवाशी बोलले.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब नेहमी सांगतात, शहाणपण हवं असेल तर देवाकडे मागा, लाजू नका. मी मागितलं. शुक्रवारचा उपास धरला. सकाळी डबी उघडली. पहिलं कार्ड निघालं ते न भिता नव्या जागी जाण्याबद्दलचं. मला वाटलं, म्हणजे ताईने आमच्याकडे यावं. मग वाटलं, होम हीसुद्धा नवी जागाच की! खात्री करायला दुसरं काढलं. त्याचा अर्थ, आहेस तिथे शांत राहा. म्हणून तिसरं काढलं, तर त्यात शत्रूंचा नाश.

ह्यांनी पेपर खाली केला. "अगं, वचन काढतेस की लॉटरी?"

"तुम्ही गप्प बसा. मी देवाला विचारतेय."

"विचार ना. पण त्याला उत्तर द्यायला जरा वेळ तरी दे. आणि ह्यातला शत्रू कोण? मी का ताई?"

मला काही हसू आलं नाही. पुढे कितीतरी सकाळी मी असंच केलं. मनासारखं कार्ड येईपर्यंत काढत राहायचं. गंमत म्हणजे मनासारखं म्हणजे कसं, तेच मला सांगता आलं नसतं. ताई आली तर माझं कसं होणार, आणि नाही आली तर तिचं कसं होणार, या दोन्हींमध्ये मी नुसती हेलपाटे घालत होते.

शेवटी एका दुपारी बोंबलाचं कालवण डब्यात घेतलं आणि रिक्षा करून कल्याणला गेले. ताईने कालवण चाखून आधी मीठ कमी म्हटलं आणि मग सगळं संपवलं. दिवेलागणीला तिने डोक्यावर पदर घेतला, आम्ही प्रार्थनेला बसलो. प्रभूची प्रार्थना तिनेच सुरू केली, तोच जुना खणखणीत मास्तरणीचा आवाज. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' या ओळीपर्यंत आली आणि थांबली.

मला वाटलं, मनन करतेय. थोड्या वेळाने एक डोळा उघडून पाहिलं. तिचे ओठ हलत होते, पण शब्द नव्हता. मग तिने पहिल्यापासून सुरुवात केली. परत भाकरीपाशी थांबली. मी हळूच पुढची, क्षमेची ओळ सांगितली.

तिने डोळे वटारले. "मला येतं."

ती खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही येत, धाकटे. रोज असंच होतं. भाकरीपर्यंत येते आणि पुढे कोरं. मग आमेन म्हणत नाही मी. अर्ध्या प्रार्थनेला आमेन कसं म्हणायचं? तशीच उठते."

"कधीपासून?"

"पातेलं जळलं त्याच्या आधीपासून. तुम्ही सगळे त्या पातेल्याचं घेऊन बसलाय. पातेलं दुसरं मिळतं."

मी गॅसचा विचार केला होता, किल्ल्यांचा केला होता, तिला आंघोळ कोण घालणार याचासुद्धा केला होता. हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ज्या बाईने आम्हाला प्रार्थना शिकवली, ती रोज आमेनशिवाय उठत होती आणि त्यालाच सगळ्यात जास्त घाबरत होती. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "ताई, तुला कुठे राहायचंय?"

गणित न येणाऱ्या पोराला अचानक उत्तर आलं की मास्तर बघतात, तशी ती माझ्याकडे बघायला लागली.

"इतके दिवस काय करत होतीस?"

"प्रार्थना. काय करावं ते कळावं म्हणून विचारत होते."

"कोणाला?"

"देवाला."

"आणि मी काय वारले होते?"

मग तिनेच सांगितलं. तिला यायचं होतं, कधीपासून. पण बोलावल्याशिवाय यायचं कसं? "तुझं घर केवढंसं. त्यात पाहुण्यांचे गुडघे." माझ्या नवऱ्याला ती लग्नापासून पाहुणेच म्हणते. "मला संध्याकाळी शेजारी बसायला कोणीतरी पाहिजे. बाकी माझं मी बघेन." बाकीचंही तिला बघता येणार नव्हतं, ते दोघींना ठाऊक होतं. "आणि महिन्यातून एका रविवारी मला माझ्या चर्चला आणायचं. प्रार्थना सिरीयलच्या आधी. कबूल?"

"कबूल."

देवाने मला शहाणपण दिलं का? आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. कोणाला विचारायचं, एवढं मात्र त्या संध्याकाळी कळलं, आणि ते मला माझ्या डोक्याने सुचलं असं मी म्हणणार नाही. इतके दिवस उपास करून मी त्याच्या जवळ जायला बघत होते. त्या घरात, कालवणाच्या रिकाम्या डब्याशेजारी, तो जवळ होता असं वाटलं. परतताना रिक्षात मात्र मला एकच चिंता, सोफा कम बेड कुठल्या भिंतीला लावायचा.

आता ताई आमच्याकडे आहे. कांदा जाड झाला हे रोज सांगते. पाहुण्यांना त्यांच्याच घरात "बसा, संकोच करू नका" म्हणते. सकाळचं कार्ड तीच काढते, एकच. संध्याकाळी आम्ही तिघं बसतो. भाकरीपाशी ती थांबली की क्षमेची ओळ हे उचलतात. पूर्वी हे प्रार्थनेत डुलक्या घ्यायचे. मी सांगितली तर ताई अजून डोळे वटारते, ह्यांना काही बोलत नाही.

अलीकडे तिला आणखी कमी आठवतं. परवा भाकरीच्या ओळीवर थांबली आणि तिथेच मोठ्याने म्हणाली, "आमेन!" पुढचं पुरं करायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. आम्हीही आमेन म्हटलं.

ताईने पदर खाली घेतला. अशी खूश, जणू पेपर वेळेत सोडवून झाला. "चल धाकटे," म्हणाली, "आता भाकऱ्या टाक."