तिसरी सावली

कुंडलिक मिस्त्री,

तुम्ही बोट ठेवून सावकाश वाचायचात आणि एखादा शब्द अडला तर पुढे सरकायचा नाहीत, म्हणून सोपं लिहिते. १९९८च्या सहामाहीत तुमच्या मनस्वीला मी शून्य दिलं ते चूक होतं. शून्याखाली लाल शाईने जे लिहिलं ते त्याहून चूक होतं. हे तुम्हाला एकदा सांगून झालंय, पण घाईत, गॅसवर दूध ठेवून. म्हणून पुन्हा सांगते.

हे पत्र पोचायचं नाही, एवढं मला कळतं. बी.एस्सी. झालेली बाई आहे मी. तेव्हा बाकीचं वाचणाऱ्यांसाठी लिहिते.

कुंडलिक मिस्त्री किन्हवलीकडचे. पावसाळ्यात घरची थोडी भातशेती आणि दिवाळीनंतर गवंडीकाम. आधी दुसऱ्यांच्या हाताखाली घमेली वाहिली, मग थापी हातात आली. नव्वदच्या दशकात शहापूर, आसनगाव, वाशिंद या पट्ट्यात जी नवी घरं उठली, त्यातल्या पुष्कळांच्या भिंती त्यांच्या हातच्या. शाळा चौथीपर्यंत. अंगाने वाळकुडे, बोलायला हळू. लावलेली वीट मनासारखी बसली नाही तर मालक ‘राहू द्या’ म्हणत असतानाही उपटून काढायचे.

त्यांच्या पिशवीत दोन वस्तू कायम असत. एक भिंत उभी सरळ आहे का ते दाखवणारा, दोरीला बांधलेला ओळंबा आणि दुसरी लेव्हलची नळी. ही नळी साधी प्लास्टिकची, आरपार दिसणारी, पन्नासेक फूट लांब. तिच्यात पाणी भरायचं, एक टोक या भिंतीशी, दुसरं त्या भिंतीशी धरायचं. दोन्हीकडे पाणी जिथे थांबेल ती पातळी एक. मध्ये बुडबुडा राहिला तर माप फसतं, म्हणून मिस्त्री नळीला टिचक्या मारत बुडबुडा बाहेर काढायचे आणि मगच खूण करायचे. शेतातही तेच. खाचरात पाणी सोडलं की कुठे उंच, कुठे खोल ते पाणीच दाखवतं. तीस वर्षं हा माणूस पाण्याला विचारून काम करत होता आणि पाण्याने त्यांना सपाटाशिवाय दुसरं काही सांगितलं नव्हतं.

मनस्वी माझ्या आठवीच्या वर्गात. ‘पृथ्वीचा आकार कसा आहे?’ या प्रश्नाला तिने लिहिलं, ‘पुस्तकात गोल आहे. आमच्या बाबांच्या नळीत सपाट येते.’ मी शून्य दिलं. खाली लिहिलं, ‘विज्ञान पुस्तकातून शिकावे, अडाण्यांकडून नव्हे.’ एवढ्यावर थांबले असते तरी बरं. मी ते वर्गात मोठ्याने वाचूनही दाखवलं. वर्ग हसला.

त्याच दिवाळीनंतर माझं स्वयंपाकघर वाढवायचं काम मिस्त्रींकडे होतं. ते आले, माल कालवला, दुपारपर्यंत मुकाट्याने काम केलं. चहाला बसल्यावर म्हणाले की रोज संध्याकाळी ते हत्यारं धुवायला बसले की मनस्वी समोर बसून त्या दिवसाचा धडा मोठ्याने वाचायची. तसं करत करत तेही आठवीपर्यंत आले होते.

“आता ती मनात वाचते, बाई.”

मी म्हटलं, “मग?”

“मंग काय. माझ्यापुढं तोंड उघडत नाय. तुमी अडाणी म्हणलात, त्याचं काय नाय, हायेच मी. पण चुकलो कुठं ते दाखवा. नाय दाखवता आलं तर तिला सांगा, बाप खोटं नाय बोलला.”

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे. अकरा दिवस लागले.

मी पुस्तकातला आकाशातून काढलेला फोटो दाखवला. ते म्हणाले, ताटाचा फोटोही गोलच येतो. मी चंद्रग्रहण काढलं, पृथ्वीची सावली चंद्रावर गोल पडते म्हटलं. परातीची सावली कशी पडते, त्यांनी विचारलं. परात तिरपी धरली तर लांबट पडते, असं मी म्हणाले तर ते म्हणाले, तिरपी धरतो कोण? त्यांची सगळी मांडणी तयार होती. पृथ्वी म्हणजे परात, कडेला डोंगर. सूर्य म्हणजे वरून फिरणारा दिवा. लांब गेला की रात्र. जमीन हादरते ती स्लॅबखालचा टेकू सरकल्यासारखी. कल्याणला काम करताना त्यांनी खाडीची भरती पाहिली होती. तिचंही उत्तर होतंच. परात कलली की पाणी एका कडेला चढणार. इथे मी त्यांना धरलं. परात कलत असेल तर तुमच्या नळीतलं पाणीही रोज कलायला हवं, मग तुमच्या भिंती सरळ कशा? दुसऱ्या दिवशी वीट लावता लावता म्हणाले, भरतीचं सोडा, ते आपल्याला नाय कळत. अमुक एक आपल्याला कळत नाही, असं एवढ्या सहज सांगणारी माणसं मी स्टाफरूममध्ये फार पाहिली नाहीत.

त्यांच्या हाताखाली त्यांची बायको सकुबाई असायची. ती घमेलं खाली ठेवून म्हणाली, “वटा अजून वला हाय, आन् ह्ये दोगं पृथ्वी बांधतात.”

शेवटी मी हुकमाचं पान काढलं. एकाच दिवशी, भर दुपारी, दोन गावांत सारख्याच काठ्या उभ्या केल्या तर सावल्या कमीजास्त पडतात. जमीन वाकलेली आहे म्हणूनच. तीस वर्षं मी हे शिकवत होते आणि एकाही पोराने हात वर केला नव्हता.

मिस्त्रींनी विचार केला. मग सेंट्रिंगची एक फळी आडवी टाकली, तिच्यावर अंतरा-अंतराने तीन खिळे ठोकले आणि छताला लोंबकळणारा बल्ब खाली ओढून पहिल्या खिळ्याच्या बरोबर वर धरला. पहिल्या खिळ्याला सावली नाही. दुसऱ्याला थोडी. तिसऱ्याला लांब.

“फळी सपाट हाय ना, बाई?”

फळी सपाट होती. दिवा जवळ असेल तर सपाटावरही सावल्या कमीजास्त पडतात, हे मला सुचलं नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्याने सूर्य फार लांब आहे असं आधीच धरलं होतं, आणि मीही धरलं होतं. मिस्त्रींनी धरलं नव्हतं.

दोन दिवस मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. मग सापडलं. दोन सावल्यांनी काही ठरत नाही, तीन लागतात. जमीन सपाट असेल तर उत्तरेकडे जाताना सावली अंतराच्या हिशेबात, सारख्या पायऱ्यांनी वाढेल. गोल असेल तर पुढची पायरी आधीच्या पायरीपेक्षा उंच होत जाईल. पायऱ्या म्हटल्यावर मिस्त्रींना लगेच समजलं. बावीस डिसेंबरला दुपारच्या सावल्या वर्षातल्या सगळ्यात लांब असतात, तेव्हा मोजलं तर फरक हाताच्या मापातही दिसेल. एक जागा कन्याकुमारी, एक शहापूर, एक दिल्ली, जिथे माझी मुलगी राहत होती.

सोमवारी शाळेत मनस्वीचा पेपर मागवून मी ती लाल ओळ खोडली. वर्गाला सांगितलं की हिच्या वडिलांनी मला असा प्रश्न विचारलाय ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्या संध्याकाळपासून पोरगी पुन्हा मोठ्याने वाचू लागली. हे मला सकुबाईने सांगितलं. मनस्वीने बापाला विचारलं, मग गोल का सपाट? मिस्त्री म्हणाले, मोजून सांगीन. बापाने शब्द दिला आणि तो पुरा करणं माझ्यावर आलं.

त्यांनी तीन फुटांची एक लोखंडी सळई कापली, टोकं घासून चोख केली. दुसरीकडची काठी चालणार नाही. तिन्ही ठिकाणी हीच, नाहीतर हिच्या जोडीची. तशी जोडीची एक त्यांनी स्वतःसाठी ठेवली. सळई ओळंब्याने उभी कशी करायची, अकरा वाजल्यापासून सावलीच्या टोकाला खडूने खुणा कशा करायच्या आणि त्यातली सगळ्यात आखूड कशी धरायची, हे त्यांनी मला माझ्याच अंगणात शिकवलं. माझा हात दोनदा हलला तर म्हणाले, “बाई, घाई असंल तर उद्या करू.”

२००१च्या डिसेंबरात निवृत्त शिक्षकांच्या सहलीबरोबर मी कन्याकुमारीला गेले. बाकीच्या देवळाच्या रांगेत, मी उन्हात सळई घेऊन. सहलीतल्या बायकांनी फार चेष्टा केली. आकडा आला बावीस इंच आणि वर सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच दुपारी मिस्त्रींनी शहापुरात मोजलं. साडेतेहतीसला सूतभर कमी. आता दिल्ली. पृथ्वी सपाट असेल तर तिथे साडेबेचाळीस यायला हवं, गोल असेल तर शेहेचाळीस. साडेतीन इंचांचा फरक. मिस्त्री म्हणाले, साडेतीन इंच म्हणजे आंधळ्यालाबी दिसंल.

२००३च्या डिसेंबरात मी दिल्लीला गेले. सळई मुलीच्या घरी दाराआड उभी केली. बावीस तारखेला सकाळी धुकं होतं, साडेअकराला स्वच्छ ऊन पडलं. मी तेव्हा बाजारात रजई निवडत होते. तीन वाजता आठवलं.

यात तारखेचा दोष नाही. तेवीसला मोजलं असतं तरी चाललं असतं, चोवीसलाही. त्या आठवड्यात सूर्य फारसा सरकत नाही, हे मुलांना शिकवून माझा जन्म गेला. तेवीसला पाहुणे होते. चोवीसला काहीच नव्हतं. मी मोजलं नाही, कारण मला उत्तर ठाऊक होतं.

परत आल्यावर मिस्त्री दुसऱ्याच दिवशी दारात. मी म्हटलं, “शेहेचाळीस.”

“मोजलं?”

“मोजलं नाही. पण शेहेचाळीसच येणार.”

“मंग ते तुमचं गणित झालं, बाई. सावली नाय.”

रागावले नाहीत. सळईचं एक टोक जरा दबलं होतं. ते घरी नेऊन, घासून त्यांनी परत आणून दिली. पुढच्या साली, म्हणाले. पुढच्या जूनमध्ये जावयांची चेन्नईला बदली झाली आणि दिल्लीला जायचं कारणच उरलं नाही. २००५च्या मे महिन्यात मिस्त्री गेले. आठ दिवसांचा ताप.

दहाव्याला मी गेले होते. मनस्वी तोवर बारावी सायन्स करून वाशिंदला एका कंपनीत लागली होती. तिला कोणी पृथ्वीचा आकार सांगायला नको होता. ती म्हणाली, दवाखान्यात तिने बाबांना पुन्हा विचारलं होतं, आता तरी सांगा, गोल का सपाट? तिला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी ‘गोल’ म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं, ‘सपाट’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणाले, बाईंचं दिल्लीचं माप यायचंय.”

मी तिला सांगितलं की येत्या डिसेंबरात जाते. तेव्हा खरंच जायचं मनात होतं. त्यानंतर चार डिसेंबर गेले. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण त्या चारांतल्या दोन डिसेंबरांत ते दुखत नव्हते.