टॉवेल, टोपी आणि काठी

डॉक्टरांनी मला एका पायावर उभं राहून डोळे मिटायला सांगितलं आणि मी थेट त्यांच्याच अंगावर गेलो.

"तोल फक्त पाय सांभाळतात असं वाटत होतं ना?" स्वतःचा चष्मा शोधत ते म्हणाले. "डोळेही सांभाळतात. काचबिंदूनं तुमची बाजूची, खालची नजर खाल्लीय. जमीन कुठे आहे हे पायांना आता सांगणारं कुणी नाही. काठी घ्या. आणि हे घराण्यात उतरतं, मुलीचे डोळेही तपासा."

मुलीचे डोळे तपासले, चांगले निघाले. काठी मात्र मी घेतली नाही. त्याऐवजी अक्कल वापरायचं ठरवलं. तीही जेमतेमच होती. पायरी आली की मोबाइल कानाला लावून थांबायचं. गटार आलं की बायकोचा हात धरायचा. लग्नात न धरलेला हात मी आता भर बाजारात धरतो म्हटल्यावर जळगावात, निदान आमच्या गल्लीत, चर्चा तर होणारच. दिवेलागणीला माझी चाल फारच लहरी व्हायची. एकदा किराणा दुकानदारानं हाक मारली, "नाना, आज जास्तीच व्हयनी वाटस?"

मी आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलेलो नाही. तरी झोकात मान डोलावली. मुलीचं लग्न जमवायचं होतं. बाप पितो म्हटलं तर लोक हळहळतात. बापाला डोळ्यांचा आनुवंशिक आजार आहे म्हटलं तर पत्रिका परत पाठवतात. असा माझा थोर हिशोब!

धुळ्याचं स्थळ आलं. मुलामुलीचं एकमेकांशी पटलं होतं, आता फक्त थोरांचं पटायचं होतं. थंडीचे दिवस, म्हणून साल्याच्या केळीच्या शेतात भरीत पार्टी ठेवली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडी काठवटीत ठेचली, वर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. मुलाचे वडील पांढरा शुभ्र लेंगा घालून पंगतीत बसले. आल्या आल्याच त्यांनी सांगून ठेवलं होतं, "आमच्याकडे व्यसन चालत नाही, भाऊ."

पाहुण्याला पहिलं वाढप यजमानाचं. साल्यानं परात धरली होती. ती मी हिसकावली. उन्हातून केळीच्या सावलीत शिरलो आणि जमीनच नाहीशी झाली. ठिबकची काळी नळी पायात आली. मी डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो, सगळीकडे जाऊन आलो आणि शेवटी परातीसकट होणाऱ्या व्याह्यांच्या मांडीवर उतरलो. पहिलं वाढप असं भरघोस कुणी केलं नसेल.

लेंग्यावरचं भरीत बोटानं निपटत ते म्हणाले, "भर दुपारीच?"

साला आभाळाकडे बघायला लागला. आणि मी, तो महान मुत्सद्दी, छाती काढून म्हणालो, "हो. थोडी घेतली."

"खोटं!" पोरगी वाढता वाढता थांबली. "पप्पा पीत नाहीत. त्यांना दिसत नाही. काचबिंदू आहे. तो घराण्यात येऊ शकतो, म्हणून मी माझे डोळे तपासले. आज ठीक आहेत, पुढेही तपासत राहीन. आता लग्न करायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

बायकोनं कपाळाला हात लावला. मुलाच्या बापानं मांडीवरची परात बाजूला ठेवली. मग म्हणाला, "दिसत नाही, तर मग या माणसाच्या हातात परात दिली कोणी?"

साला म्हणाला, "दिली नाही हो, त्यांनी हिसकावली."

"आणि दारुडा व्हायला तयार, पण काठी धरायला नाही?"

मी केसातलं भरीत काढायला लागलो.

तो गृहस्थ हसायला लागला. आधी गालात, मग पोट धरून. "पोरगी खरं बोलते," तो आपल्या बायकोला म्हणाला. "बाप असा असूनही."

सुपारी फुटली. साखरपुड्याला धुळ्याहून मानाचा टॉवेल आला, टोपी आली आणि टॉवेलात गुंडाळलेली एक काठीही आली. चार पाहुण्यांसमोर व्याह्यांनी ती माझ्या हातात दिली. बाजारातली काठी नाकारता येते, व्याह्याच्या मानाची कशी नाकारणार? लबाड माणूस!

आता मी पुढची जमीन काठीनं चाचपत, नीट चालतो. परवा किराणा दुकानदारानं मला थांबवून हात जोडले. "बरं झालं नाना, सोडली तुम्ही."