मालधक्क्याच्या इतिहासातलं एक पान

आमच्या कोळशाच्या गावचा रेल्वेचा मालधक्का पाडायचं ठरलं, तेव्हा तिथल्या निवृत्त लोकांनी स्मरणिका काढायचं मनावर घेतलं. बाबा तिथे पस्तीस वर्षं मालबाबू होते. आता ते माझ्याकडे बिबवेवाडीत असतात आणि डोळ्यांनी जवळपास काहीच दिसत नाही. त्यामुळे त्यांनी सांगायचं आणि मी टाइप करायचं असं ठरलं. रविवार वाया जाणार म्हणून मी आधीच वैतागलो होतो.

सुरुवात बरी झाली. आधी नुसता मातीचा उंचवटा, मग दगडी फलाट, मग पत्र्याची शेड. खाणीतून कोळसा बैलगाड्यांनी यायचा, पुढे ट्रकने. हमाल डोक्यावरच्या टोपल्यांनी डबे भरायचे. शेवटी खाणीतच यंत्रं आली आणि धक्क्यावर गवत वाढलं.

मे महिन्यात तिथे सावली एकच, मालगाडीच्या डब्यांखालची. दुपारी भाकरी खाऊन हमाल तिथेच रुळांमध्ये आडवे व्हायचे. नियमात ते बसत नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं. म्हणून इंजिन लागण्याआधी मालबाबूनं लोखंडी गजानं प्रत्येक डब्यावर तीन ठोके द्यायचे, अशी पद्धत होती.

"एक दिवस मी पहिल्याच डब्यावर ठोकलं," बाबा म्हणाले. "ऊन फार होतं. पुढे गेलोच नाही. शेवटच्या डब्याखाली एक जण होता. रिपोर्टात मी लिहिलं, तो प्यायला होता. तो कधीच पीत नव्हता. हे छापून येऊ दे."

"बाबा, हा इतिहास आहे. कबुलीजबाबच द्यायचा असेल तर पोलीस चौकी कोपऱ्यावर आहे," मी म्हणालो. तीस वर्षं पुण्यात राहून एवढं तरी शिकलोय.

ते हसले नाहीत. "लिही," म्हणाले. मी लिहिलं आणि ते दुपारचे पडल्यावर खोडलं. त्या जागी घातलं, 'दारूच्या नशेत डब्याखाली झोपलेल्या एका हमालाचा दुर्दैवी अंत झाला.' नात्यातले, सोसायटीतले चार लोक वाचणार, मला नाचक्की नको होती. मेलेल्या हमालाच्या अब्रूचं काय, असा प्रश्न मला पडलाच नाही.

स्मरणिका आली. बाबांनी ते पान वाचायला सांगितलं. मी पान समोर धरून त्यांचेच शब्द वाचून दाखवले, जे तिथे नव्हते. ते रडले. माझा हात धरून म्हणाले, "सुटलो रे." मला लाज वाटली नाही. बरं जमलं, एवढंच वाटलं.

मी ऑफिसात असताना त्यांनी शेजारच्या काकूंकडून एक प्रत त्या हमालाच्या मुलीला पाठवली. ती अजून त्याच गावात राहते. पत्ता त्यांना पाठ होता.

आठवड्याभरानं सकाळी तिचा फोन आला. लेखाखाली नंबर माझाच छापला होता. बाबांना ऐकू यावं म्हणून मी तो स्पीकरवर टाकला.

"बाबूजी, पुस्तक भेटलं," ती म्हणाली. आवाज शांत होता. "माह्या बापानं कधी थेंब घेतला नाही. तवा मी सात वर्षांची होती. आता तुमी पुन्हा तेच लिहिलं, अन् वरून मलेच पाठवलं. एवढं कायले केलं?"

उत्तराची वाट न बघता तिनं फोन ठेवला. बाबा माझ्या दिशेला मान वळवून म्हणाले, "ते पान वाच. छापलंय तसं वाच."

मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. हल्ली रोज सकाळी चहा झाला की ते मला तेच पान वाचायला सांगतात, आणि मी वाचतो.