ओलीटाचा सात वर्षांचा कायदा

मंगळवारी सकाळी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता डॉयल टिडमोर कोसळला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून ओलीटा स्प्रेबेरीच्या पायाला भिंगरी लागली होती. शेजारणी तळलेली कोंबडी, केळ्याचं पुडिंग असं काय काय घेऊन येत. ती दारातच भांडं घेई, आभार मानी आणि पुन्हा अंगणात येरझारा घालू लागे. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. मागे साठ पोरांचा कालवा चालला असतानाही अलाबामाच्या वळणावळणांच्या रस्त्यांवर तिचा हात कधी हलला नव्हता. आता तिला चहा संपेपर्यंतही एका जागी बसवेना.

ती आणि डॉयल सव्वीस वर्षं एका छपराखाली नांदले, पण लग्नाचा कागद नव्हता. तिचं पहिलं लग्न चर्चमध्ये थाटामाटात, रीतसर सह्या होऊन झालं होतं, आणि ते चौदा महिने टिकलं. त्यानंतर कागदाचं नाव काढलं की तिच्या कपाळाला आठी पडे. आणि कागद हवा होता कुणाला? सात वर्षं एकत्र काढली की कायद्यानं नवरा-बायको, हे त्या गावातलं शेंबडं पोरही सांगे. आठव्या वर्षी तिनं टपालपेटीवर डॉयलच्या नावाखाली आपलं नाव रंगवलं आणि तिच्यापुरता विषय मिटला.

बुधवारी वर्तमानपत्रात डॉयलच्या निधनाची बातमी आली. त्याच्या थोरल्या भावानं, लमारनं, ती दिली होती. मागे कोण कोण राहिलं त्या यादीत आधी लमार, मग दोन पुतणे, आणि अगदी शेवटी 'खास मैत्रीण ओलीटा'. सव्वीस वर्षं ज्याचे मोजे धुतले त्याची ही मैत्रीण. तिला इतका संताप आला की रडायचंही राहून गेलं.

अंत्यविधी करणाऱ्या माणसानं फोनवर सांगितलं की कुठं पुरायचं त्यावर बायकोची सही लागते, आणि बायको नसेल तर भावाची. लमारला भाऊ आईच्या शेजारी हवा होता, चाळीस मैलांवरच्या टिडमोरांच्या दफनभूमीत. तिथं फक्त घरच्यांना जागा मिळे. ओलीटाला तो घराजवळच्या चर्चच्या आवारात हवा होता, म्हणजे पुढेमागे तिलाही त्याच्या शेजारी निजता आलं असतं. इतकी वर्षं एका अंथरुणावर काढून मातीत मात्र वेगळं निजायचं, हे तिला सहनच होईना. आपण बायकोच आहोत हे कोर्टात दाखवायला गुरुवारचा अख्खा दिवस ती गाडी घेऊन वणवण फिरली. विजेची बिलं, विम्याचे कागद, चर्चच्या पुस्तकातला दोघांचा फोटो, जे मिळेल ते तिनं बुटांच्या खोक्यात कोंबलं.

शुक्रवारी सकाळी ओलीटा आणि लमार दोघंही कोर्टात हजर होते; ब्रॅशरबाई जज होत्या. त्यांनी सगळं खोकं शांतपणे चाळलं आणि सात वर्षांचा कायदा कुठे वाचलात म्हणून विचारलं.

"वाचला नाही. सगळ्यांना माहीत आहे," ओलीटा म्हणाली.

"सगळ्यांना माहीत आहे खरं, पण तसा कायदा इथं कधीच नव्हता, बाई."

मग त्यांनी समजावून सांगितलं. या राज्यात बिनकागदाचं लग्न चालायचं, पण ते २०१७ उजाडण्याआधी झालेलं हवं. त्यात वर्षं मोजत नाहीत. आपण नवरा-बायको आहोत हे दोघांनीही मानलेलं हवं आणि ते चारचौघांत दिसलेलं हवं. चारचौघांचं या खोक्यातून कळतंय, पण तुम्हा दोघांचं काय?

डॉयल दिवसाला मोजून तीस शब्द बोलणारा माणूस. ओलीटा उठली, बसली, पुन्हा उठली. शेवटी जे कुणाला सांगायचं नव्हतं तेच तिनं सांगितलं. २०१६ च्या डिसेंबरात रेडिओवर बातमी लागली होती, की नव्या वर्षापासून बिनकागदाची लग्नं बंद. डॉयल जेवता जेवता म्हणाला, चल, कागद करून टाकू. तिनं हातातलं फडकं आपटलं आणि म्हणाली की आपलं लग्न कधीच झालंय, मला नवरा आहे तेवढा पुरे. मग ती तरातरा बाहेर जाऊन तासभर गाडीत बसून राहिली. त्यानं तो विषय परत काढला नाही. आपण त्याचं मन मोडलं, हे तिला तेव्हापासून खात होतं.

"तेव्हा तिथं आणखी कुणी होतं?" जजबाईंनी विचारलं.

"लमार होता. जेवायला आला होता."

लमार हातातली टोपी फिरवत उभा राहिला. आठवत नाही म्हणाला असता तर त्याला कुणीही धरलं नसतं. ओलीटानं त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"ती म्हणते तस्संच झालं," तो म्हणाला.

"आणि डॉयल काय म्हणाला?"

"तिला काही नाही म्हणाला. ती गेली होती ना बाहेर." लमारनं टोपी बाकावर ठेवली. "मला म्हणाला, बरोबर आहे तिचं, लग्न झालेलंच आहे आमचं. मला फक्त एकदा तिच्या तोंडून ऐकायचं होतं."

जजबाईंनी पेन उचललं आणि ओलीटाच्या नावापुढे 'पत्नी' असं लिहिलं. ओलीटाच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"आठ वर्षं, लमार," ती म्हणाली. "आठ वर्षं हे तू मला सांगितलं नाहीस."

"मला वाटलं, त्यानंच सांगितलं असेल," लमार म्हणाला. "नवरा-बायको होतात ना तुम्ही."