चुकीच्या बाजूची भिंत

तिची आई म्हणायची, "हिला स्थळ बघण्याआधी उंच दाराचं घर बघावं लागेल." ना स्थळ आलं, ना दार. आला तो बास्केटबॉलचा क्लब, आणि उंच असण्याबद्दल पगार मिळतो म्हटल्यावर तिने ती नोकरी दोन्ही हातांनी झेलली. संघात तिचं नाव पडलं शिडी.

शिडीचं काम मात्र भिंतीचं. आपली खेळाडू चेंडू घेऊन निघाली की तिच्या मागे लागलेल्या विरोधी खेळाडूच्या वाटेत जाऊन ठाम उभं राहायचं. मागची येऊन धडकते, पुढची मोकळी सुटते आणि बास्केट करते. टाळ्या तिला, मुका मार शिडीला. वर्षानुवर्षं ही मोकळी सुटणारी म्हणजे चिमणी. बुटकी, चपळ, तोंडाने फाटकी. "ताई, डावीकडे!" असं ती ओरडली की शिडीचे पाय डोक्याला न विचारता निघत.

या मोसमात चिमणी जास्त पगारावर दुसऱ्या क्लबात गेली. "जाऊ दे, मला काय त्याचं," असं शिडी इतक्या वेळा म्हणाली की सगळ्यांना कळलं. चिमणीच्या जागी एक अबोल पोरगी आली, तिला सगळ्या 'नवी' म्हणत. शिडीचे गुडघे एव्हाना जिना उतरताना कुरकुरायला लागले होते. कोचबाईंनी स्पष्टच सांगितलं, "पुढचा करार हवा ना? मग तू अजून उपयोगाची आहेस हे शनिवारच्या सामन्यात दाखव. हार-जीत मी बघून घेईन."

शनिवारी समोर चिमणीचाच संघ. शिडी जीव तोडून खेळली. शेवटच्या मिनिटाला चिमणी चेंडू घेऊन सुसाट निघाली, नवी तिच्या पाठोपाठ. आणि चिमणी जुन्या सवयीने ओरडली, "ताई, डावीकडे!"

शिडी गेली. डावीकडे गेली, पाय रोवले आणि अशी भिंत झाली की बघत राहावं. नवी तिच्यावर आदळून उताणी पडली. चिमणी क्षणभर स्वतःच गोंधळली, पण तिने बास्केट मात्र सोडली नाही. प्रेक्षकांत हशा पिकला. सामना गेला.

कपडे बदलायच्या खोलीत नवी हनुवटीवर बर्फ धरून बसली होती. शिडी समोर जाऊन उभी राहिली. "लागलं का गं फार?"

"लागलं," नवी म्हणाली. मग खाली बघत, "पण ताई, माझ्यासाठी तुम्ही एकदाही अशा उभ्या राहिला नाहीत."

शिडी बाकावर बसली. मोसमभर ती नवीसाठी उभी राहत होती खरी, पण घरच्यांनी ढकललं म्हणून लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखी. दोष मात्र गुडघ्यांवर ढकलत होती.

ती उठून कोचबाईंकडे गेली. "बाई, गुडघ्यांचं काही नाही. मी नवीसाठी मनापासून उभीच राहत नव्हते."

"मला कधीचं दिसतंय," कोचबाई म्हणाल्या. "गुडघे म्हातारे झाले तर मी समजू शकते. रुसवा म्हातारा होत नाही, त्याचं काय करू? अर्ध्या मोसमाचा करार देते. पुढचा अर्धा तू कमव."

सोमवारच्या सरावात नवी पुटपुटली, "ताई, जरा इकडे येता का?"

"तू काय चहाला बोलावतेस? ओरड!"

नवीने डोळे मिटले आणि छाती भरून ओरडली, "ए शिडे, सरक उजवीकडे!"

सगळ्या वळून बघायला लागल्या. शिडी मात्र केव्हाच उजवीकडे पोचली होती. पाठलाग करणारी तिच्यावर धाडकन आदळली. मोकळी सुटलेली नवी बास्केटखाली एकटीच उरली, आणि एवढी मोकळीक आयुष्यात प्रथमच मिळाल्याने गांगरून तिने नेम चुकवला.

"परत," शिडी खांदा चोळत म्हणाली.